अडीच झाकणं

डॉक्टर गुडघे टेकून बसले होते आणि टाकीच्या काचेला भिंग लावून माशाच्या अंगावरचे डाग मोजत होते. भिंग साधंसुधं नव्हतं. माणसाच्या कातडीवरचा तीळ गरीब आहे की घातकी, हे पाहायचं ते दिव्याचं भिंग होतं, आणि आजवर ते माणसाखेरीज कोणालाही लागलं नव्हतं. मासा मात्र पेशंटसारखा एका जागी बसायला तयार नव्हता. पिवळाधमक, बशीसारखा चपटा, दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालायचा. म्हणून दवाखान्यात सगळे त्याला इन्स्पेक्टर म्हणत. आज इन्स्पेक्टरनं गस्त सोडली होती. तो खडकाला अंग घासायचा, झटका मारून वळायचा आणि पुन्हा येऊन घासायचा. सबंध अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके.

"अठ्ठावीस," डॉक्टर पुटपुटले. "काल अकरा होते."

"आधी तुम्ही उठा बघू," काउंटरवरून मावशी म्हणाल्या. दवाखान्यात डॉक्टरांना 'उठा' म्हणण्याचा अधिकार फक्त त्यांना होता. "पहिला पेशंट जिना चढतोय. त्वचारोगतज्ज्ञ फरशीवर बसलेत आणि त्यांचाच मासा खाजवतोय, हे बघितलं तर तिथूनच मागे फिरेल."

"टाकीवाल्या बाईंना फोन केलात?"

"मघाशीच केला. बारा वाजता येतायत. कालच करते म्हणत होते, तर तुम्हीच म्हणालात, उद्या."

डॉक्टर उठले. गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि झटकताना मावशींकडे बघायचं टाळलं.

खाऱ्या पाण्याची ही टाकी बाहेरच्या खोलीत चार वर्षं होती. रंगीत मासे बघताना माणूस खाजवायचं विसरतो, असं डॉक्टरांचं निरीक्षण होतं आणि ते खोटं नव्हतं. आत गेल्यावर मात्र पेशंटला टाकीसमोरच्या बाकड्याची फार आठवण यायची, कारण आत डॉक्टर रागवायचे. त्यांचं रागावणं प्रसिद्ध होतं. सासूला कोणीतरी चार शब्द सुनवावेत एवढ्यासाठी तिच्या पायावरचं गजकर्ण दाखवायला आणणाऱ्या सुना मावशींनी पाहिल्या होत्या. "आधी काय लावलं होतं?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न आणि "काही नाही" हे ठरलेलं उत्तर. मग डॉक्टर पेन खाली ठेवायचे. "म्हणजे ही कातडी अशी पापुद्र्यासारखी आपल्या मर्जीनं झाली?" तिसऱ्या प्रश्नाला पिशवीतून एक पिळवटलेली ट्यूब बाहेर यायची. "मेडिकलवाल्यानं दिली." "वा. मग पुढचंही त्यालाच विचारा." एवढं झालं की डॉक्टर उत्तम औषध द्यायचे.

आणि हेच डॉक्टर तीन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी माशांच्या दुकानासमोर थांबले होते. आत एक अंगठ्याएवढा निळा मासा होता, शाईच्या थेंबासारखा. नवा मासा सरळ टाकीत सोडायचा नाही, आधी सहा आठवडे वेगळा ठेवायचा, हे टाकीवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. डॉक्टरांनी तेव्हा मान डोलावली होती. पेशंट डोलावतात तशीच. पिशवी हलवत ते दवाखान्यात आले आणि निळ्याला थेट टाकीत सोडून मोकळे झाले. निळा टुणटुणीत होता. दहाव्या दिवशी इन्स्पेक्टरच्या कल्ल्याजवळ पहिला ठिपका उमटला.

त्या दिवशीच बाईंना बोलवायला हवं होतं. पण बोलावलं असतं तर बाईंनी 'नवीन काय आणलंत' असं विचारलं असतं. म्हणून डॉक्टर पुन्हा त्याच दुकानात गेले. दुकानदारानं मोबाइलमधून डोकं वर न काढता एक निळी बाटली पुढे सरकवली. "तीन दिवसांत डाग गायब, साहेब." बाटलीवर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. डॉक्टरांनी दोन झाकणं ओतली. आणि तिसऱ्या दिवशी डाग खरोखरच गायब! डॉक्टरांना त्या दुकानदाराबद्दल आदर वाटला, जो आपल्या व्यवसायातल्या कोणाबद्दल त्यांना सहसा वाटत नसे.

टाकीत दोन कोळंब्याही होत्या, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. माशांच्या अंगावर चढून त्यांची साफसफाई करायच्या. त्या मधल्याच दिवशी उताण्या झाल्या. डॉक्टरांनी त्यांची परस्पर व्यवस्था लावली आणि मग बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. औषध तांब्याचं होतं. कोळंबी असलेल्या टाकीत वापरू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

आठवड्याभरानं डाग परत आले, आणि येताना सगळं गणगोत घेऊन आले. टाकीवाल्या बाईंना बोलावण्यावाचून इलाज उरला नाही. मग आदल्या संध्याकाळी, मावशी घरी गेल्यावर, बाईंना दाखवायच्या आधी मासे जरा बरे दिसावेत म्हणून डॉक्टरांनी आणखी अडीच झाकणं ओतली. अडीच का, तर दोन कमी वाटली आणि तीन टाकायची छाती झाली नाही.

*

टाकीवाल्या बाई बाराला पाच कमी असताना आल्या. खांद्याला पत्र्याची पेटी, हातात दोन बादल्या. पन्नाशीच्या होत्या. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढल्यावर ती प्रयोगशाळाच बंद झाली, तेव्हापासून लोकांच्या टाक्या सांभाळत होत्या. मावशी आधी त्यांना 'मासेवाल्या बाई' म्हणायच्या. एकदा बाकड्यावरच्या आजोबांनी 'ताजं काय आहे?' असं विचारलं, तेव्हापासून 'टाकीवाल्या' हे नाव पडलं.

त्यांनी पाण्याला हातही लावला नाही. काचेसमोर स्टूल ओढून पाच मिनिटं नुसत्या बघत बसल्या.

"श्वास किती जलद चाललाय बघा. म्हणजे रोग कल्ल्यांतही शिरलाय. नवीन काही आणलंत?"

"हा निळा," डॉक्टर म्हणाले. "एका पेशंटनं भेट दिला. इतक्या प्रेमानं आणला, नाही कसं म्हणणार?"

"माझ्याकडे पाठवायचा होतात. ठरलं होतं आपलं."

"हो. चुकलंच."

"औषध काही टाकलंत?"

"नाही."

हा 'नाही' डॉक्टर गेली तीस वर्षं रोज ऐकत होते. जरा वरच्या पट्टीतला असतो, प्रश्न पुरता संपायच्या आत येतो, आणि तो देताना माणूस हमखास पंख्याकडे बघतो. डॉक्टरांनी पंख्यावरची नजर खाली आणली.

बाईंनी 'नाही' लिहून घेतलं. पेन खाली ठेवलं नाही, दुसरा प्रश्न विचारला नाही. डॉक्टर आहेत, म्हणजे खरं बोलत असणार, इतकं साधं त्यांचं गणित होतं.

"आणि कोळंब्या कुठं दिसत नाहीत?"

"असतील की दगडामागे. लाजाळू असतात ना."

मावशींनी काउंटरवरचं रजिस्टर उगाचच एक पान मागे उलटलं आणि पुन्हा पुढे आणलं.

इन्स्पेक्टरला जाळीत धरून बाईंनी काचेच्या पातळ पट्टीनं त्याच्या पाठीवरून अलगद खरवड घेतली. एका श्वासाचं काम, मासा पुन्हा पाण्यात. मायक्रोस्कोप डॉक्टरांचाच होता. दोघांनी आळीपाळीनं डोळा लावला. एक गोल, काळपट, केसाळ गोळा संथपणे स्वतःभोवती फिरत होता. रिकाम्या मैदानात मालकीहक्कानं फिरावं तसा.

"हाच," बाई म्हणाल्या. "पांढऱ्या डागांचा जंतू. तीन-चार दिवस माशाच्या कातडीखाली बसून खातो, पोट भरलं की आपला आपण खाली गळून पडतो. तेव्हा डाग जातात आणि लोकांना वाटतं, बरं झालं. तो तिकडे वाळूत कवच करून बसलेला असतो. एकाचे दोनशे होऊन वर येतात." त्यांनी काच पुसली. "डाग गेला म्हणजे रोग गेला, असं नसतं. तुम्हाला मी काय सांगणार म्हणा! तुम्ही हेच रोज सांगत असाल."

"रोज," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे दुकानदाराच्या बाटलीनं काहीच केलं नव्हतं. डाग आपल्या वेळेला आपोआप गेले होते. बाटलीनं काम तमाम केलं असेल तर ते फक्त दोन कोळंब्यांचं.

बाईंचा बेत सरळ होता. सगळे मासे काढून वेगळ्या टबात ठेवायचे आणि तिथं तांब्याचं औषध मोजून द्यायचं. मोठी टाकी दोन-अडीच महिने माशांविना ठेवायची, म्हणजे वाळूतली पिल्लावळ उपाशी मरेल. त्यांनी आतल्या ड्रेसिंगच्या खोलीत टब मांडला, हवेचा पंप लावला, हीटर बुडवला आणि मोठ्या टाकीतलं पाणी बादलीनं टबात ओतायला सुरुवात केली.

"हेच पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"हेच. आजारी जिवाला परकं पाणी नको. पाणी चांगलं आहे की तुमचं."

इथे बोलायला जागा होती. डॉक्टरांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात मावशींनी दारातून सांगितलं की हाताला फोड आलेल्या बाई कधीच्या खोळंबल्यात. पेशंटला ताटकळत ठेवणं डॉक्टरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आयुष्यात एवढ्या तत्परतेनं ते कधी पेशंटकडे धावले नव्हते. फोड बघताना त्यांनी स्वतःची समजूत घातली: काल टाकलेलं एव्हाना विरून गेलं असेल, वाळूनं शोषलं असेल, आणि थोडं उरलं असलं तरी औषध तेच तर आहे.

बाहेर आले तेव्हा बाई सिरिंज डोळ्यांसमोर धरून औषध मोजत होत्या. एकेक रेघ बघून टबात सोडत होत्या.

"उद्या सकाळी येऊन टबाची चाचणी घेते. रात्रभरात नीट मिसळू दे." मग त्या जरा घुटमळल्या. "मुलांच्या हॉस्पिटलातल्या टाकीचं उद्या ठरतंय. समिती बसणार आहे पाच वाजता."

"ठरल्यातच जमा आहे ते. अधीक्षक माझा वर्गमित्र आहे, सांगितलंय मी त्याला."

"लोकांनी बिघडवलेल्या टाक्या दुरुस्त करण्यात दहा वर्षं गेली, डॉक्टर. कोरी काच अजून एकदाही हातात आलेली नाही. ही येईल. मुलांना खाटेवरून दिसेल, अशी करायची आहे." एवढं बोलून त्यांनी पेटी उचलली, आणि आपण जास्त बोललो असं वाटून जिना भरभर उतरल्या.

*

सकाळी टबात सहापैकी पाच मासे आडवे झाले होते. इन्स्पेक्टर तळाशी होता. केशरी पट्ट्यांची जोडी, जिला सगळे नवरा-बायको म्हणत, पंपाच्या नळीशी एकमेकांना चिकटून पडली होती. दोन हिरवे वर तरंगत होते. निळा तेवढा ताजातवाना होता आणि मोकळी जागा मिळाल्याच्या आनंदात गोल गोल फिरत होता.

टाकीवाल्या बाईंनी काचेच्या नळीत टबातलं पाणी घेतलं, थेंब टाकले आणि रंग चढायची वाट बघितली. पाणी फिकं निळं व्हायला हवं होतं. ते झालं गडद. कार्डावरच्या रंगांशी त्यांनी नळी लावून पाहिली, खिडकीशी नेऊन पाहिली, परत आणली.

"जवळजवळ दुप्पट आहे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू. "टाकीत आधी काही नव्हतं ना, डॉक्टर?"

"नाही."

या वेळी डॉक्टरांनी पंख्याकडे बघितलं नाही. सवय होते माणसाला.

"टाकीच्या पाण्याचीही एकदा चाचणी घेते. म्हणजे नेमकं..."

"राहू द्या हो," डॉक्टर घाईनं म्हणाले. "आता कशाला मनस्ताप करून घेता? झालं ते झालं."

बाईंनी नळी पेटीत ठेवली. पेटीचं झाकण लावलं.

"मग मीच. महिन्यापूर्वी चष्म्याचा नंबर बदललाय. सिरिंजवरची रेघ चुकली असणार. नाहीतर दोनदा ओतलं असणार." त्यांनी इन्स्पेक्टरला दोन्ही हातांनी उचललं. "चार वर्षं होता हा माझ्या हाताखाली."

"होतं असं. कोणाच्याही हातून होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडून काही नाही."

डॉक्टरांनी त्यांना क्षमा केली होती. बाईंनी मान वर केली, त्यांचे डोळे भरले होते.

"दुसऱ्या कोणी शिव्या घातल्या असत्या. तुमचे उपकार आहेत. पण हॉस्पिटलला मी आजच 'नाही' म्हणून कळवते. ज्या हाताचा स्वतःला भरवसा नाही, तो आजारी मुलांसमोर कशाला?"

निळ्याला एका पिशवीत घेऊन त्या गेल्या. तो रोगी होताच, सहा आठवडे त्यांच्याकडे राहणार होता.

त्या दिवशी डॉक्टर एकाही पेशंटला ओरडले नाहीत. "आधी काय लावलं होतं?" असं त्यांनी विचारलं, "काही नाही" आलं, आणि त्यांनी 'काही नाही' असं लिहून घेतलं. एक म्हातारबाबा तर खास ओरडा खायला आल्यासारखे तीन ट्यूबा हातातच घेऊन आले होते. ते ओशाळून परत गेले. अडीच वाजता मावशींनी आत येऊन दार लोटलं.

"ताप-बिप आहे का?"

"नाही."

"मग बाहेर लोक घाबरलेत. म्हणतायत, डॉक्टर काही बोलले नाहीत, म्हणजे आपलं काही खरं नाही."

मावशींनी टेबलावरचे कागद विनाकारण सरळ केले.

"मी काही बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण दगडामागे कोळंब्या नाहीत, एवढं मलाही कळतं. उरलेल्यांना मी उद्याची वेळ देते. जा तुम्ही."

*

बाईंचं काम एका गॅरेजमध्ये चाले. शटर अर्धं वर होतं. आत भिंतीला लागून टाक्या, पंपांची एकसुरी बुडबुड आणि मध्ये लांबलचक टेबल. टेबलावर काचेचे पेले ओळीनं मांडलेले. डॉक्टर वाकून आत शिरले तेव्हा बाई सिरिंजनं पाणी मोजून एका पेल्यात सोडत होत्या आणि पेला बारक्या तराजूवर ठेवून वजन बघत होत्या.

"या. बसा," त्यांनी न वळता सांगितलं. "विसावा पेला आहे हा. विसाच्या वीस बरोबर आले, डॉक्टर. एका थेंबाचाही फरक नाही. मग परवापर्यंत चांगला असलेला हात कालच कसा चुकला?"

"चुकला नाही."

"म्हणजे?"

"टाकीत आधीच होतं. तांबं. मी टाकलं होतं."

बाईंनी सिरिंज खाली ठेवली, हात पुसले, पुठ्ठ्याचं एक रिकामं खोकं फाडून त्याची कोरी बाजू पुढे ओढली आणि पेन्सिल घेतली.

"किती?"

"पहिल्यांदा दोन झाकणं."

"कधी?"

डॉक्टरांनी सांगितलं. बाई लिहीत गेल्या. पुन्हा कधी, किती, कुठली बाटली, कोळंब्या कुठल्या दिवशी. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टर मघापासून त्या ओरड्याची वाट बघत होते, जिन्याखाली उभ्या असलेल्या पोरासारखी. पण बाई नुसतं विचारत होत्या, जसं शिकलेल्या माणसानं विचारावं तसं.

"परवा संध्याकाळी किती?"

"अडीच."

"अडीच?" पेन्सिल थांबली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग 'अडीच' लिहिलं. "आणखी काही?"

"निळा मासा भेट आलेला नव्हता. मीच आणला."

"आणखी?"

"नाही." डॉक्टर थांबले. "सकाळी तुम्हाला म्हटलं, माझ्याकडून काही नाही. ते."

ते बाईंनी लिहून घेतलं नाही. त्या उठून एका टाकीतला पंप सरळ करून आल्या. तो सरळच होता.

"मी दुपारी फोन करून 'नाही' म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "अधीक्षकांना. माझ्या हातून पाच मासे गेले, असं सांगितलं."

"मी जाऊन सांगतो त्यांना."

"जाऊन कशाला? इथूनच लावा."

डॉक्टरांनी फोन लावला. अधीक्षकांचा आवाज असा होता की त्यांना फोनची तशी गरज नव्हती. तो गॅरेजभर घुमला.

"बोल काड्या!" वसतिगृहात डॉक्टर काडीसारखे होते, तेव्हापासून हेच नाव. "तुझ्या त्या बाईंचा फोन आला होता. वाईट झालं रे."

"त्यांची चूक नाही. माझी आहे. मी आधीच टाकीत औषध टाकलं होतं आणि त्यांना सांगितलं नाही."

पलीकडून मोठं हसू आलं.

"काड्या, काड्या! कॉलेजातही असाच होतास. एवढा मोठा त्वचारोगतज्ज्ञ, आणि दुकानातली बाटली ओततोय? बाईंची कीव आली म्हणून अंगावर घेतोस होय? मन मोठं आहे तुझं, मी समितीलाही सांगेन."

"अरे, खरंच मी..."

"पुरे रे. बाईंनी स्वतः कबूल केलंय. त्या कशाला खोटं बोलतील?"

डॉक्टरांचे कान तापले. ते जितकं स्वतःला खाली ओढत होते तितके वर जात होते. बाई समोर उभ्या होत्या, हाताची घडी घालून. त्यांनी काही सुचवलं नाही. टेबलावरचा पुठ्ठाही पुढे सरकवला नाही.

"ऐक," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यांदा दोन झाकणं टाकली. तिसऱ्या दिवशी डाग गेले, तेव्हा मी मावशींसमोर माझ्या निदानाच्या बढाया मारत होतो."

"बरं, बरं," पलीकडे अजून हसू होतं.

"दुसऱ्याच दिवशी कोळंब्या मेल्या होत्या. मी त्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदात गुंडाळल्या आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. माझ्या दवाखान्याखालच्या नाही, कोपऱ्यावरच्या." "गुंडाळायच्या आधी कागदावरचं माझं नाव फाडून घेतलं."

हसू थांबलं.

झाकणं कोणीही मनानं रचून सांगू शकतो. डाग, तारखा, दुकानदार, सगळं रचता येतं. पण मेलेल्या दोन कोळंब्यांच्या पुडीवर आपलं नाव राहू नये एवढा विचार करणारा माणूस कोणी दुसऱ्याच्या भल्यासाठी रचत नाही.

"डॉक्टर," अधीक्षक म्हणाले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच. "समिती पाचला बसतेय. हे सगळ्यांसमोर सांगायला याल तुम्ही?"

"येतो."

"बाईंनाही बोलवा. त्यांचा अर्ज मी अजून फाईलमधून काढलेला नाही."

डॉक्टरांनी फोन ठेवला. तहान लागली होती, पण विसाच्या वीस पेले मोजलेले होते आणि त्यातलं पाणी मागायची त्यांची छाती झाली नाही.

"तो नावाचा तुकडा काय केलात?" बाईंनी विचारलं.

"खिशात ठेवला होता. पँटबरोबर धुतला गेला."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते हसू होतं की काय, डॉक्टरांना कळलं नाही आणि विचारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे मात्र कळलं. कोपऱ्यातल्या छोट्या टाकीत निळा काचेशी येऊन दोघांकडे बघत होता. आज दुपारी त्याचा औषधाचा नवा डोस होता. बाईंनी बाटली उघडली, सिरिंज भरली आणि खिडकीच्या उजेडाकडे वळल्या.

डॉक्टर पटकन पुढे झाले. "थांबा, रेघ बघू का मी? आणखी एक नजर असली म्हणजे..."

"नको," बाई म्हणाल्या. सिरिंज त्यांनी हलवलीसुद्धा नाही. "मला दिसतंय."